गुरुपादप्पाची दारू

१ फेब्रुवारी २००३, लातूर

आज इतिहासाच्या तासाला चौघे. त्यातले दोघे सायन्सचे, वर्गातला पंखा चालू असतो म्हणून येतात. घरी आलो तर माडीवर आनंदराज सरांचा केमिस्ट्रीचा क्लास भरलेला. जिन्यापर्यंत चपला. माडी माझी, जिना माझा, गर्दी त्यांची. भूकंपानंतर या गावात क्लासेसचं पीक आलं आणि इतिहासाला कुत्रंसुद्धा विचारीना.

पेपरात वाचलं, नाशिककडे वाईनचे छोटे छोटे कारखाने निघतायत. सरकारचंही उत्तेजन. द्राक्षं तर आमच्या औशाकडेही आहेत. आणि नाशिककडे जे नाही ते आमच्याकडे आहे. गुरुपादप्पा. माझे पणजोबा. जळकोटात अजून आमच्या घराला 'दारूवाल्याचं घर' म्हणतात. वडिलांसमोर कुणी तो शब्द काढला की ते ताटावरून उठायचे. लिंगायताच्या घरात दारू, लपवणारच. पण इतिहासकाराने लाजायचं नसतं. निजामाच्या राज्यात दारू करणारा माणूस म्हणजे मराठवाड्याचा पहिला वाईनवाला. पुरावा सावकाश मिळेल.

निश्चय: थोडीच, पण अस्सल वाईन. नाव 'गुरुपादप्पा रेड'. पुढच्या वर्षी लातूर मला या नावाने ओळखेल.

९ फेब्रुवारी, जळकोट

पुरावा मिळाला. केवळाआत्या ऐंशीच्या पुढे आहे. कान गेले, जीभ शाबूत. ओरडून विचारलं, गुरुपादप्पांची दारू कशी होती? आत्याचा चेहराच उजळला. म्हणाली, "अज्जाची दारू काय सांगू इरूपाक्षा! जत्रंत पाच गावची मान्सं बघाया यायची."

'बघाया' हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे रंग अप्रतिम असणार.

पुढे म्हणाली, "उडाया लागली की बाया लेकरं कडंवर घिऊन मागं सरायच्या." म्हणजे हातोहात उडायची. एवढ्या झुंबडीत बायका मागे सरणारच. शेवटी कुठल्याशा साहेबाच्या तंबूचं सांगत होती, पण माझी एसटी लागली होती. 'साहेबलोक तंबूत बसून आस्वाद घेत' एवढं टिपून निघालो.

२३ फेब्रुवारी

बायकोला, सिंधुला, योजना सांगितली. तिची मुलींची खानावळ आहे. क्लासच्या मुली ओसरीत जेवतात, उन्हं पायाशी आली की ताटं घेऊन भिंतीकडे सरकतात. म्हणून ती दिवाळीपासून मागची खोली मागतेय. तीच खोली मला हवी. गार आहे, अंधारी आहे. माडीवरच्या क्लासच्या बरोब्बर खाली आहे, पण त्याने वाईनला काय होतंय?

सिंधु म्हणाली, "गळ्यात लिंग अन् मागच्या खोलीत दारू? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" हा वारसा आहे, असं समजावलं. ती म्हणाली, "वारसा मुलींच्या ताटात वाढू का?"

पाडव्याला खोली मोकळी करून देतो म्हणालो. वाईनला तेवढा वेळ पुष्कळ.

परवान्याचा अर्ज करायचा आहे. आधी चव, मग सरकार.

३ मार्च

औशाहून काळी द्राक्षं आली. जुन्या काळी पायांनी तुडवायचे. मिक्सर वापरणं म्हणजे इतिहासाशी गद्दारी. सिंधुच्या धुण्याच्या टबात उतरलो. पाय स्वच्छ धुतले होते. सिंधुने टब पुन्हा घरात घ्यायला नकार दिला.

६ मार्च

पाय अजून जांभळे. या उन्हात मोजे घालून कॉलेजला. प्राचार्यांनी चौकशी केली. नायटा म्हणालो. त्यांनी खुर्ची मागे घेतली.

१६ मार्च, नांदेड

रिकाम्या बाटल्या लातुरात घेतल्या तर बोभाटा होईल, म्हणून इतक्या लांब. भंगारवाला जावेद फार अदबीचा. म्हणाला, "छुपाव मत साब, आधे मास्तर लोगां यहींच बेचते." मी विकायला नव्हे, घ्यायला आलो आहे, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. परतीच्या बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला पोत्यातून खणखणाट. शेजारी नेमका माजी विद्यार्थी. लॅबचं सामान म्हणालो. तो म्हणाला, "सर, तुम्ही तर इतिहासाचे न्हाई का?" पुढे अहमदपूरपर्यंत मी झोपलो होतो. झोप लागली नाही.

३० मार्च

अकरमच्या प्रेसमधून लेबलं आली. गुरुपादप्पांचा फोटो उपलब्ध नाही, म्हणून फेटा बांधून माझाच दिला. रक्त तेच आहे. अकरमकडे बाराही महिने क्लासेसच्या गुणवंतांची पत्रकं छापतात. सवयीने त्याने वर 'हार्दिक अभिनंदन!' टाकलंय आणि फोटोखाली टक्क्यांसाठी रिकामी जागा सोडलीय. चालेल. भारदस्त दिसतं.

तो स्वतः पीत नाही, पण वास घ्यायला तयार झाला. म्हणाला, "सर, सिरका एकदम बढिया जम्या." वाईनला व्हिनेगर म्हणतो. अरसिक. पण आंबट आहे खरी. रात्री साखर घातली. चांगली सढळ हाताने.

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, बाटल्या भरल्या. बुचं ठोकली, वर तार आवळली, वर लाख ओतली. हवेला शिरकाव नाही. आनंदराज सर जिना उतरताना थांबले. म्हणाले, "सर, आंबणं थांबलं का आधी? साखर घातली म्हणता. बूच ढिलं ठेवा. आतल्या आत गॅस धरंल." विज्ञानवाल्यांना जिकडेतिकडे गॅसच दिसतो. गुरुपादप्पांना कुठे केमिस्ट्री येत होती? हसून निरोप दिला.

खोली आज द्यायची होती. सिंधुला सांगितलं, वाईनला हलवलं तर ती बिघडते. तिने गुढीचा नैवेद्य दाखवला आणि श्रीखंड मुलींना वाढलं. मला वाढलं नाही.

२० एप्रिल

गरमी भयंकर. खोलीत बारीक कुजबुज ऐकू येते. वाईन बोलते, असं म्हणतात ते खोटं नाही. दोन बुचं वर आली होती, हातोडीने पुन्हा बसवली.

पुढच्या महिन्यात प्रकाशन समारंभ. प्राचार्यांना बोलवायचं. भाषण तयार आहे.

३ मे, दुपार



साडेअकराला पहिली फुटली. मग सगळ्या. माडी हादरली. वर सीईटीची तयारी चालू होती, खोली गच्च भरलेली. कुणीतरी "भूकंप" म्हणालं आणि सगळी पोरं जिन्यावरून कोसळली. आनंदराज सर दारात आडवे उभे राहून "हळू, एकेक" म्हणून ओरडत होते. कुणाला लागलं नाही. हे दुसऱ्यांदा लिहितो. कुणाला लागलं नाही.

खानावळीतली तूबा अंगणातल्या कडुलिंबाला मिठी मारून उभी. किल्लारीकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात सात वर्षांची होती. मागच्या खोलीतून बाहेर येऊन मी ओरडून सांगितलं, भूकंप नाही, माझ्या बाटल्या आहेत. अंगभर जांभळा झालो होतो. ते रक्त वाटून ती आणखी किंचाळली. सिंधुने मला विहिरीपलीकडे जायला सांगितलं आणि तिच्याजवळ मातीत बसून राहिली. जेवणाची वेळ टळली तरी उठली नाही.

मी पलीकडून बघत होतो. मला माझी फार लाज वाटली.

४ मे

पेपरात: 'शहरात गूढ आवाज, नागरिकांत घबराट'. केंद्रबिंदूचा उल्लेख नाही, एवढं बरं.

आवाजाची बातमी जळकोटला पोचली आणि केवळाआत्या नातवाच्या मोटारसायकलवर बसून हजर. खोली बघितली. छताला काचा, भिंती जांभळ्या. उडालेलं एक लेबल उचलून म्हणाली, "ह्यो तर तूच की." मग जी हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, "अज्जाची दारू बी अशीच उडाली व्हती. साहेबाच्या तंबूत बाण घुसला अन् तंबू खाक!"

बाण? कसला बाण?

"आरं, शोभेच्या दारूचा! बाण, नळे, भुईचक्र. अज्जा जत्रंची दारू करायचा. साहेबाचा तंबू जाळला म्हनून तर रातोरात उदगीर सोडून जळकोटात आला. तुझा बाप मरस्तोवर लाजला."

सिंधु तोंडाला पदर लावून आत गेली. आतून बराच वेळ आवाज येत होता. ती रडत नव्हती.

साठ लेबलांवर मी छापलंय: 'ज्यांच्या दारूने साहेबही थक्क झाले'. हे वाक्य अजूनही खरं आहे.

१० मे

कॉलेजात 'दारूवाले सर'. कोपऱ्याकोपऱ्यावर. वर्षभराचं लक्ष्य तीन महिन्यांत गाठलं.

आनंदराज सर वायूचा दाब शिकवताना 'मागच्या खोलीचं उदाहरण' देतात. पोरांच्या ते पक्कं लक्षात राहतं म्हणे.

खोली धुतली. तीनदा. जांभळं जात नाही. सिंधु म्हणाली राहू द्या, रंग बरा दिसतो. मुली आता तिथे जेवतात. वाढायला मी. ही शिक्षा नाही, मीच म्हणालो. सिंधुने आधी म्हटलं होतं, मग मी म्हणालो.

१८ मे

सीईटी झाली. उद्या मुली गावी जाणार. आज शेवटची पंगत. तूबा आली होती. ती आठवडाभर या खोलीत पाऊल टाकत नव्हती, बाहेरच जेवायची. आज उंबऱ्यावर थांबली, भिंतीकडे बघितलं आणि आत येऊन बसली. मग म्हणाली, "सर, त्यो तंबू खरंच जळाला का?"

सांगितलं. उदगीरची जत्रा, साहेब, बाण, रातोरात बैलगाडी. काही पदरचं घातलं नाही. एवढी खरी गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नव्हती. तूबा हसली. सगळ्या जेवायच्या थांबून ऐकत होत्या. एकीने विचारलं, मग पुढं?

चौघे नव्हेत. पूर्ण पंगत. आणि पंखासुद्धा बंद होता, लाईट गेली होती.

निश्चय: जूनपासून इतिहासाचा क्लास. याच खोलीत. अकरमला पत्रकं सांगायची. फोटो फेट्याचाच.

सिंधुला तिथल्या तिथे सांगितलं. ती म्हणाली, "आधी भाजी वाढा."

वाढली.