नंबराने मिळालेले विषय

६ मे
नववीची यादी लागली. पहिले तीस भौतिकशास्त्राला, मधले तीस माझ्या इतिहासाला, शेवटचे तीस शेतीला. पोरांना विचारायचं नाही, नंबराला विचारायचं! व्हर्लिंडा इपोलित पहिली आली आणि अर्जात शेती लिहून बसली. मुख्याध्यापक ऑजिएंनी अर्ज परत केला – चुकून भरलास, नीट भरून आण.
तिने पुन्हा शेतीच लिहिली.

७ मे
ऑजिएंशी भांडले. मंत्रालयाला पत्र धाडलं.

१५ मे
व्हर्लिंडाची आई मासळीबाजारातून थेट शाळेत. मला वाटलं, आपल्या बाजूची. कसलं काय! "मिस, तुमचं पोट बोलण्यावर भरतं. माझी आई केळीच्या बागेत वाकून वाकून मेली. पोरीला त्यातून वर काढलं, आणि तुम्ही तिच्या हातात परत कोयता देता?"
शिक्षकांच्या संपाच्या सभा मी गाजवते; पण इथे बोलली ती व्हर्लिंडा, खाली बघत. आजोबांची निम्मी बाग पानांवरच्या काळ्या डागांनी गेली. काय फवारायचं ते दुकानदार सांगतो. डाग का पडतात, ते कुणालाच माहीत नाही.
आई अर्जावर सही न करता गेली.

२ जून
राजधानीत, कॅस्ट्रीजला. मंत्रालयात चाळीस मिनिटं बोलले, कागद न बघता. म्हटलं, हे बेट केळीवर जगलं आणि शेतीचं शिक्षण आपण मागच्या बाकांसाठी राखून ठेवलं. उशिरा आलेल्या पोराला शिक्षा म्हणून शाळेच्या वाफ्यात तण काढायला धाडतो, आणि त्याच वाफ्याला विषय म्हणतो! एका अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं.
जिंकलो! याच वर्षापासून नंबर रद्द. मूल मागेल तो विषय – शेतीबरोबर भौतिकशास्त्रसुद्धा.

३ जून
घसा पार बसलाय. बसू दे!

१९ जून
व्हर्लिंडाच्या आईने सही केली. ऑजिएंकडूनच पेन मागून घेतलं आणि वर बजावलं, "वाफ्यातली ती शिक्षा बंद करा, सर. माझी पोर तिथे शिकायला येणार आहे."
ऑजिए हो म्हणाले. ऑजिए!

२६ जून
सगळे अर्ज आले. शेतीला एकेचाळीस. इतिहासाला चार.
पुन्हा मोजले. चारच. बावीस वर्षं माझा वर्ग भरलेला असायचा, आणि मला वाटायचं, माझ्या बोलण्यामुळे.