नकाशातले ‘इतर’

पोलादपूर, ४ फेब्रुवारी २०२६

चि. दीप्तीस,
आण्णांचा सप्रेम जयभीम.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो. दरड कोसळून साडेचार वर्षं झाली. अखेर नव्या वसाहतीचा नकाशा आला. चौदा भूखंड रस्त्याला, आपल्या बौद्धवाडीचे सहा ओढ्यापलीकडे. चौदांवर नावं आहेत, आपल्या सहांवर ‘इतर’ एवढंच. सरकारी भाषा, मनावर घेऊ नये. सोबत झेरॉक्स आहे. २५ तारखेच्या ग्रामसभेत सही करून मोकळा होतो. पत्र्याच्या शेडला तुझी आई विटली आहे.

नेपाळच्या यात्रेत मंडळींना सोडून एकटी भटकू नकोस. जपून ये.

तुझा काळजीखोर बाप,
आण्णा

पुणे, १६ फेब्रुवारी

ती. आण्णांस,
दीप्तीचा सविनय जयभीम.

भटकले, एकटीच! मंडळी काठमांडूत माळांच्या दुकानात शिरली आणि मी भक्तपूरची बस पकडली. भूकंपाला अकरा वर्षं होत आली, तरी गल्लोगल्ली टेकू, परांच्या, विटांच्या राशी. मातीच्या वाडग्यातलं दही खाल्लं, दोनदा वाट चुकले, मजेत होते.

एका दारात एक म्हातारी जुन्या विटांची माती खरवडत होती. घर इतकं का रखडलं, असं मोडक्या हिंदीत विचारलं. ती म्हणाली की पहिल्या नकाशात तिचं दार मागच्या बोळात काढलं होतं, म्हणून तिने तो तीनदा परत पाठवला. मग तिने आमच्या घराचं विचारलं. मी झेरॉक्स काढली, पण ‘इतर’चा अर्थ तिला सांगवेना. आण्णा, मला लाज वाटली. ऑफिसात मी असेच नकाशे काढते. पाण्याच्या टाकीलासुद्धा आम्ही नाव घालतो.

सही करू नका. तीस वर्षं शाळेत हजेरी घेताना एकाही पोराचं नाव गाळलं नाहीत, मग स्वतःचं कसं गाळू देता? हवं तर रागवा, पण नाही म्हणा.

तुमची हट्टी,
दीप्ती

पोलादपूर, २७ फेब्रुवारी

चि. दीप्तीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझा राग आला, तिसऱ्या दिवशी स्वतःचा. सभेत सहीला मला पहिलं बोलावलं. मी म्हटलं की नकाशावर माझं नावच नाही, तर सही कोणाची मागता. सभेला आलेले सरकारी साहेब म्हणाले, प्रकरण वर्षभर मागे जाईल. मी तुझ्या आईकडे पाहिलं. तर तीच उठली आणि म्हणाली की वरीस काय, दोन वर्सं पत्र्यात काढू, पण वढ्यापलीकडं जायाची नाय. दरडीनं समद्यांची घरं एकाच दिवशी नेली, तवा तिनं वढा बघितला नाय.

सहाही घरांनी सही नाकारली. रस्त्याकडच्या चौदांतला महिपती मान खाली घालून बसला होता. सभा तहकूब झाली.

काल तोच महिपती शेडवर आला. त्यानेही सही केलेली नाही म्हणे. विसांच्या वीस चिठ्ठ्या टाकून भूखंड वाटा, असा अर्ज मी लिहावा, असं तो म्हणाला; सातवं नाव द्यायला तो तयार आहे. मी लिहिला. आपली सहा नावं पहिली, मग त्याचं. उरलेल्या तेरांसाठी रागाच्या भरात खाली ‘इतर’ लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर तिने तो शब्द माझ्याकडून खोडून घेतला. आता तिथे तेरा ओळी कोऱ्या आहेत. ज्याने त्याने येऊन आपलं नाव लिहावं.

माया आहेच, तिच्यात भर पडो.

तुझे आण्णा,
भिकाजी