लिहिणाऱ्याला उशीर होतो

३ मार्च, सोमवार

पोहोचलो एकदाचा जबलपूरला! ऑटोवाल्या भैयाने सदर बाजारात सोडतो म्हणून गढा मोहल्ल्यात आणून टाकलं, पण झालं ते बरंच झालं, खोली गढ्यातच मिळाली. पचमढीच्या हॉटेलात दोन महिने काढले, त्याआधी नागपुरात मोबाइलचं दुकान, त्याआधीचं जाऊ दे. इथं मात्र रमेन असं वाटून राहिलं. घरमालकीण नंदाकाकू. यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले ते इथलेच झाले. मराठी बोलता बोलता काकू हिंदीत शिरतात, फिरून परत येतात. नोकरी कसली म्हणून विचारलं. ड्रायव्हरचं काम म्हटलं तर म्हणाल्या, अच्छा, कोणती गाडी? कॉम्प्युटरमध्ये नेटवर्कचं कार्ड असतं, त्याला चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, हे पटवेपर्यंत पोहे गार झाले. पोहे झकास होते. वर शेव!

५ मार्च, बुधवार

ऑफिस सदरला, जोड्यांच्या दुकानावर तीन खोल्या. मालक चिंतामणी सर, ड्रायव्हर लिहिणारी सुमेधादीदी, आणि मी. माझं काम असं की कार्ड भरधाव चालू असताना त्याची वायर उपसायची, परत खोचायची, परत उपसायची. कॉलेजात फक्त कँटीन पाहिलेल्या माणसाला याहून बरं काय पाहिजे!

दीदीने समजावलं ते असं. प्रोग्रामात एकाच वेळी दोन कामकरी राबतात, त्यांना थ्रेड म्हणतात. एक डब्यात माल भरतो, दुसरा रिकामा करतो. दोघांचे हात एकदम डब्यात गेले की घोटाळा. म्हणून डब्याला कुलूप घालायचं. एक आत असला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. पण कुलुपाने कार्ड हळू चालतं म्हणून सरांनी ते काढायला लावलं. आता जो आधी पोहोचेल त्याचं. दोघं एकदम पोहोचले तर काय, असं मी विचारलं, तर दीदी म्हणाली तेच शोधायला तुला ठेवलंय ना रे बाबा.

संध्याकाळी कमानिया गेटकडे खोव्याची जिलबी खाल्ली. काळीकुट्ट, जड, गुलाबजामची थोरली बहीण.

७ मार्च, शुक्रवार

ऑफिसच्या दाराशी हजेरीचं यंत्र आहे, अंगठा टेकवला की धन्यवाद म्हणतं. तेही आमच्याच कार्डावर चालतं. सर म्हणतात, आपण रांधलेलं आधी आपण खावं.

आज गंमत केली. उजवा अंगठा काचेवर टेकवला आणि नेमकं त्याच क्षणी डाव्या हाताने यंत्राची वायर उपसून परत खोचली. यंत्र दोनदा धन्यवाद म्हणालं, एकावर एक चढून, दोघं एकदम बोलल्यासारखं. मी हसलो. दीदी नाही हसली. म्हणाली, माणसाची नोंद होता होता असं करतात का, गाढवा?

११ मार्च, मंगळवार

सकाळी लिहीत बसलो (वरच्या गच्चीवर माकडं आली होती, त्यांच्याबद्दल दोन पानं लिहिली, मग फाडली), त्यामुळे ऑफिसला उशीर. दीदी म्हणाली, परत काहून आलास? आत्ताच तर चहाला म्हणून खाली गेलास. मला वाटलं टोमणा. खाली गेलो तर चहावाला म्हणाला, भैया, अभी तो पी के गए. माझा म्हणून दाखवलेला ग्लास हातात घेतला. ऊन होता.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी, उद्या रंग. काकू पुरणपोळ्या करून राहिल्या. जेवायला बसलो तर चकित होऊन बघत राहिल्या. म्हणे आत्ताच चार पोळ्या खाऊन उठलास, ताटही धुऊन ठेवलंस, गुणाचं लेकरू. मी जन्मात ताट धुतलं नाही.

माझा टॉवेल ओला होता. मी आंघोळ केली नव्हती.

१७ मार्च, सोमवार

दीदीने कौतुक केलं. घोटाळा कुठे होतो ते मी अर्धा दिवस एका जागी बसून शोधून काढलं म्हणे. मी एका जागी अर्धा दिवस! खुर्चीवर बसलो तर खुर्ची गरम. पटकन उठलो. कोणी नुकतंच उठून गेलं असावं अशी ऊब. उभ्यानेच काम केलं.

१९ मार्च, बुधवार

गोंदियाहून आईचा फोन. पाडव्याला येते म्हणाली, आदल्या दिवशी, शनिवारच्या गाडीने. मी तिला जबलपूरला आहे हेसुद्धा सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, तूच तर काल बोलावलंस, किती दिवसांनी असा शांत बोललास, मधेच फोन ठेवला नाहीस. रडत होती. आनंदाने.

काय सांगणार होतो? तो मी नव्हतो असं?

२१ मार्च, शुक्रवार

दीदीला सगळं सांगितलं. हसली. मग मी यंत्रातली माझी नोंद उघडायला लावली. यादीत माझं नाव, गौरांग, दोनदा. अंगठा एकच, नोंदी दोन, दुसरी वायर उपसली त्या दिवसापासूनची. रोज दोघं येतात, तो आधी, मी मागून.

दीदीने दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या. मग म्हणाली, ड्रायव्हरला कुलूप मी आजच परत घालते, सर ओरडू देत. पण त्याने पुढचं सावरेल, जे दोन होऊन बसले ते एक होणार नाहीत. मी म्हटलं, एक पुसून टाक. तिने बोट बटणावर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. कोणता पुसू रे? दोन्ही तर सारखेच.

तिचा हात धरला मी. नको म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

दोघं एकदम एका डब्यात गेले तर नेमकं काय होतं, ते दीदीकडून काढून घेतलं. अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं लिहिलं जातं. मग ते कोणाचंच राहत नाही. आणि ज्याने तो डबा हातात धरलाय, तोही बिघडतो.

आणखी एक सांगितलं तिने. असा घोटाळा पकडायला प्रत्येक पायरीवर नोंद लिहायला लावली की घोटाळा होतच नाही. लिहिण्यात वेळ जातो, लिहिणारा मागे पडतो, दुसरा पुढे निघून जातो, टक्कर टळते. लिहिणं थांबवलं की परत सुरू.

मी घरी आलो आणि ही वही बघत बसलो.

रोज मी काहीबाही लिहितो, निम्मं फाडतो, म्हणून मागे. तो लिहीत नसणार.

२६ मार्च, बुधवार

तीन दिवस लिहिलं नाही. परवा चहाचा ग्लास इतका गरम की ओठ भाजला. काल खुर्ची अजून हलत होती. आज सकाळी जिना चढताना वर पावलं ऐकली, माझ्याच चपलांची. हजेरीच्या यंत्राच्या काचेवर नुकत्याच उचललेल्या अंगठ्याचा ओला ठसा.

म्हणून आज परत लिहून राहिलो. लांबलचक लिहायला पाहिजे. माकडं. जिलबी. काहीही—

२७ मार्च

काकू आता माझ्याकडे बघून जरा थांबतात, मग बोलतात. तो आवडतो त्यांना. सगळ्यांनाच. ताट धुतो.

आई राहिली एक. ती मला ओळखते, आळशी, चिडका, तसाच. तिला तो आधी भेटला तर—

२८ मार्च

आणि दोघं एकदम भेटलो तर? ती मिठी मारणार. तिच्या हातात काय येईल— अर्धा—

नाही. आईला काही होता कामा नये. तो तिला नीट ठेवेल. शांत बोलेल. ठरलं. उद्या स्टेशनवर मी लिहीत राहणार. मागेच राहणार. फक्त लांबून बघणार.

२९ मार्च, स्टेशन

भर दुपार. बाकावर बसलोय. लिहून राहिलो. खांबापाशी तो उभा. माझा चौकड्यांचा शर्ट. पाठमोरा. त्याच्या हातात वही नाही—

गाडी आली. लिहितोय. लिहितोय. लोक उतरून राहिले. पिशवी, पत्र्याची पेटी, पोरं. हमाल. काहीही लिहायचं, थांबायचं नाही—

आई. दारात. निळं लुगडं. बारीक झाली. तो पुढे निघाला, सावकाश, त्याला घाई नाही. जाऊ दे. जा बाबा. घे तिला—

ती त्याच्याकडे बघत नाहीये.

त्याच्या खांद्यावरून बघते. इकडे. माझ्याकडे. वाकून लिहिणारा मी, तिने मला— हात केला. गौरू म्हणाली, इथवर ऐकू आलं— आई नको, नको बघू इकडे, मी लिहितोय—

तो वळला. त्याचं तोंड—

तो पळतो आहे. तिच्याकडे. तिने दोन्ही हात पसरले, माझ्यासाठी, माझ्याच— आई थांब मी आल