आधी सांधा, मग सिग्नल

पूर्णा,
मंगळवार, दुपार

प्रिय योगी,

पाकीट बघून घाबरू नकोस, इथं सगळे ठणठणीत आहेत. आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणारी आई कागदावर कशाला लिहितेय, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगते. मधली पानं उलटून आधी शेवट बघायची तुझी सवय मला ठाऊक आहे, पण या वेळी तसं करू नकोस. ओळीनं वाच. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिलेली बाई आहे मी, माझं अक्षर लागत नाही असं म्हणायची सोय तुला नाही.

तू केलेला टीव्हीवरचा खेळ घरात आल्याला आता सव्वा महिना झाला. फोनवर प्रियांकानं तुला 'मस्त आहे, चालतो' एवढंच सांगितलं असणार. तुझी बहीण शाळेत दिवसभर बोलून घरी येते, तिच्याकडून जास्त शब्दांची अपेक्षा ठेवू नये. म्हणून खरी हकीकत मी सांगते. तू तिला कळवलं होतंस की खेळ अजून बाजारात यायचाय, त्याआधी घरातल्या चार माणसांनी एकत्र बसून खेळावा आणि कुठं अडतं ते सांगावं. आता चार माणसं आणायची कुठून? जावईबापू कापसाच्या दिवसांत सेलूच्या जिनिंगमधून हलत नाहीत. प्रियांका, तिची भक्ती आणि मी, झाले तीन. चौथे तुझे दादाच. आणि हा बाप आपल्या पोराशी, तुझ्याशी, बोलत नाही, याला या संक्रांतीला साडेतीन वर्षं होतील. खेळ तू केलाय असं कळलं असतं तर त्यांनी टीव्हीच्या खोलीत पायसुद्धा ठेवला नसता. मी सांगून टाकलं की भक्तीच्या मैत्रिणीकडून आणलाय. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही, हे तुला पुढे अजून एकदा दिसेल.

पहिल्या दिवशी त्यांनी ते बटणांचं रिमोट हातात घेतलं आणि उलटं धरलं. भक्ती हसली, तसं त्यांनी सरळ केलं आणि एवढ्या जोरानं दाबलं की एक बटण आतच बसलं. चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमधले लोखंडी लिव्हर ओढलेले हात ते, त्यांना बोटभर बटण काय कळणार. शेवटी प्रियांकानं नांदेडहून दुसरं आणलं. मग सुरू झाली आमची पळापळ. तुझी ती चार माणसं डावीकडून उजवीकडे पळत सुटतात, ओढे ओलांडतात, कडब्याच्या गंजीवरून उड्या मारतात, आणि जो मागे राहतो त्याला तो पांढरा बगळा चोचीत धरून वर नेतो. बाकीच्यांनी खाली थांबून टाळ्या वाजवल्या तरच त्याला सोडतो. पहिले पंधरा दिवस तुझे दादा बगळ्याच्या चोचीतच होते म्हण ना. प्रत्येक उडीआधी पुढे काय आहे, मागे काय आहे, सगळं बघून झाल्याशिवाय ते पाऊल टाकत नाहीत. आणि मी तर पुढे धावणारी, माझ्यामागे पडदा सरकत जातो आणि दादा बाहेर पडतात. भक्तीनं मला दोनदा दम दिला, की आजी, तू एकटी नाहीस खेळात. दहा वर्षांच्या पोरीकडून ऐकून घ्यावं लागलं, पण बोलली ते खरं होतं.

मग हळूहळू काय झालं बघ. साडेसहा वाजले की दादा स्वतःच खुर्ची ओढून बसायला लागले. स्टेशनवरच्या बाकावर जुन्या दोस्तांशी बसायचा वेळ त्यांनी अलीकडे घेतला. त्यांच्यातले आश्रुबा भाऊजी एकदा बोलवायला आले तर 'काम हाय' म्हणाले, काय काम ते सांगितलं नाही. नोकरी संपल्यापासून हा माणूस संध्याकाळी घरात हसताना मी पाहिला नव्हता. मी उडी चुकून ओढ्यात पडले की ते असे हसतात की शेजारच्या गीताबाईनं एकदा खिडकीतून डोकावून विचारलं, पाहुणे आलेत का. तुझ्यामुळे हे घरात आलं, आणि त्यांना ते सांगता येत नव्हतं, याचं मला रोज वाईट वाटायचं.

मग तो स्टेशनचा टप्पा आला. तिथं दोघांनी रुळांचे सांधे बदलायचे, एकानं गाडीला वाट द्यायला सिग्नल पाडायचा आणि चौथ्यानं इंजिन पुढे काढायचं. दादा लिव्हरपाशी गेले, बटण दाबलं. त्यांच्या पडद्यावरच्या माणसानं खांद्यावरचं फडकं काढलं, लिव्हरच्या मुठीवर धरलं आणि मग लिव्हर ओढला. बस्स. तुझ्या दादांचे हात थांबले. रिमोट मांडीवर तसंच राहिलं. बगळा आला, त्यांना घेऊन गेला, भक्ती ओरडत होती, पण ते उठले आणि मागं जाऊन तोंड धुवून आले. त्या दिवशी पुढे खेळले नाहीत.

फडक्याचं तुला सांगायला नको, पण मी सांगणार. ते फडकं मीच रोज धुऊन द्यायची. मुठीला उघडा हात लागला की घामानं लोखंड गंजतं, म्हणून केबिनमधला माणूस फडक्याशिवाय लिव्हरला हात लावत नाही. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही. आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की तू कुठं असायचास? नियमात बसत नसताना दादा तुला केबिनच्या जिन्यानं वर न्यायचे, पत्र्याच्या पेटीवर बसवायचे, आणि तू पेरू खात खाली यार्डातले रूळ बघत राहायचास.

दुसऱ्या दिवशी ते सहालाच येऊन बसले आणि भक्तीला म्हणाले, तेच स्टेशन लाव. तीन दिवस तेच स्टेशन. आमची गाडी रोज पडायची, कारण भक्तीला सिग्नल पाडायची भारी हौस, सांधे जुळायच्या आतच ती तो पाडायची आणि इंजिन रूळ सोडून शेतात. तिसऱ्या दिवशी गाडी पडली तसे दादा बोलले. हे मी शब्दाला शब्द लिहिते. "फडकं बरोबर धरलंय पोरानं. पण सांध्याआधी सिग्नल पडायलाय. असं कुठं असतंय?" प्रियांकानं माझ्याकडे पाहिलं. मी भीत भीत विचारलं, कुणाच्या पोरानं. ते पडद्याकडे बघतच म्हणाले, "केबिनमदी मी एकाच पोराला बसवलं होतं."

योगी, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या मागोमाग भीती वाटली, कारण आता माझी पाळी होती. प्रियांका आणि भक्ती आपल्या घरी गेल्या, मी दादांना जेवायला वाढलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. जे त्यांना सांगितलं तेच आता तुला सांगते.

अकरा महिने रेल्वेत नोकरी करून तू राजीनामा द्यायचं ठरवलंस, तेव्हा आठ दिवस आधी मला फोन केला होतास. दादांना सांगायची माझी छाती होत नाही, तू सांग, असं म्हणाला होतास. मी म्हटलं, बघते. आणि आठ दिवस नुसती बघतच बसले. आज त्यांचं बीपी वाढलंय, आज पाहुणे आहेत, आज गुरुवार आहे. तुला नोकरी लागली तेव्हा अख्ख्या पूर्णेत पेढे वाटलेला माणूस तो, त्याच्यापुढे तोंड उघडेना. नवव्या दिवशी स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत कुणीतरी त्यांना विचारलं, काय, पोरानं रेल्वे सोडली म्हणे. ते घरी आले आणि मला एवढंच विचारलं, तुला माहीत होतं का. मी नाही म्हटलं. आणि तुझा फोन आला तेव्हा तुला सांगितलं, की मी दादांना आधीच सांगितलं होतं, ऐकून ते भडकलेत.

म्हणजे तुला वाटत राहिलं की तू रीतसर कळवलंस आणि तरी बापानं पाठ फिरवली. त्यांना वाटत राहिलं की पोरानं जगाला सांगितलं आणि बापाला तेवढं वगळलं. तू खेळ करायला नोकरी सोडलीस याचा राग त्यांना होताच, नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो सहा महिन्यांत विरला असता. जे साडेतीन वर्षं टिकलं ते टपरीवरचं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं. चूक माझी आहे. तुम्हा दोघांपैकी कुणाचीही नाही.

त्यांनी ताटातली भाकरी संपवली. मग विचारलं, "म्हंजे त्यानं सांगायला लावलं होतं?" मी हो म्हटलं. ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "तू तवाच बोलली असतीस तर लय भांडलो असतो. पण भांडून मोकळा झालो असतो." मग उठून हात धुतले. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहा ठेवला की घ्यायचे, कप विसळून ठेवायचे आणि बाहेर जायचे. दोन दिवसांत माझा जीव अर्धा झाला. तू इतकी वर्षं हे कसं सोसलंस, याचा विचार मी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा नीट केला. फोनवर तू सहज विचारायचास, दादा जेवले का, आणि मी सहज हो म्हणायची. त्या 'सहज'मध्ये तुला काय होत असेल ते मी कानाआड करत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते भक्तीच्या घरी जाऊन तिच्या चित्रकलेच्या वहीतला मोठा कागद आणि पट्टी घेऊन आले. ओट्यावर बसले ते जेवायलाच उठले. दुसरा दिवसही त्यातच गेला. मी मागून बघितलं तर जुन्या यार्डाचा अख्खा नकाशा. सगळे रूळ, प्रत्येक सांध्याला नंबर, प्रत्येक सिग्नलला नंबर, आणि कुठला लिव्हर ओढल्यावर कुठला अडकतो त्याचे बाण. केबिन बंद होऊन किती वर्षं झाली, तिथं आता गवत आहे, पण या माणसाच्या डोक्यात सगळं शाबूत. मी जवळ बसले तेव्हा ते आपणहून बोलायला लागले. म्हणाले, पोरीनं सांध्याआधी सिग्नल ओढला तर तो हलायलाच नको. आतून कुलूप असतंय त्याला. आणि मग जे म्हणाले ते तुझ्या कामाचं आहे म्हणून लिहिते. "गाडी पाडून शिकवायचं नसतंय. लिव्हर अडवून शिकवायचं असतंय." मला त्यातलं यंत्र कळलं नाही, पण मी मान डोलावली. बोलताना त्यांचा आवाज तसाच होता, जसा तुला पेटीवर बसवून सांगायचे तेव्हा असायचा.

आता कागदावर का लिहिलं ते सांगते. मी म्हटलं, नकाशाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवते. तर म्हणाले, नको, बारीक दिसतंय, पोस्टानं धाड. आणि मग विचारलं, "पत्ता हाय का त्याचा?" साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. मी पत्ता सांगितला, त्यांनी तो पाकिटावर स्वतः लिहिला. बघ, ते अक्षर माझं नाही. आत नकाशाची घडी आहे, उलगडताना जपून. कडेला त्यांनी तुझ्या खेळातल्या चुका नंबर घालून लिहिल्यात, रेल्वेत मेमो लिहायचे तशाच. पहिल्या दहा तुझ्या कामाच्या आहेत. अकरावी मी तीनदा वाचली. 'बाकी कागदावर समजणार नाही. समक्ष दाखवावे लागेल.' त्यात 'ये' हा शब्द शोधत बसू नकोस, तो त्यांच्याच्यानं लिहवत नाही. कुठल्या रविवारी येतोस ते मला फोन करून कळव. या वेळी मी बघते म्हणणार नाही, फोन ठेवल्या ठेवल्या त्यांना सांगेन. मग त्या दिवशी सकाळी ते दूध आणायला चाललो म्हणून पिशवी घेऊन निघतील आणि तुझी गाडी यायच्या तासभर आधी स्टेशनवर जाऊन उभे राहतील. दूध आपल्याकडे घरपोच येतं. तू उतर.

तुझीच, उशिरा का होईना खरं बोललेली,
आई