उत्तरेच्या भिंतीचं माप

१२ एप्रिल १९५४, इंदापूर

मोहनराव, उशिराबद्दल माफ करा. रोज चार ओळी लिहा, वही भरली की पुण्याला पाठवा, असं तुम्ही बजावून सांगितलं होतं. येऊन आठ दिवस झाले आणि आज कुठं दौत उघडतो आहे. चुलत्याला नोकरीला लावलं आणि चुलता आळशी निघाला, असं मनात आणू नका. कंबर धरली होती.

जागा मात्र झकास. गावाबाहेर मिशनचं जुनं प्रार्थनाघर. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर सागवानी तुळयांच्या कैच्या आणि मंगळुरी कौलं, टोकदार कमानीच्या आठ खिडक्या. भर उन्हात आत गारवा असतो. मोठ्या दुष्काळात साहेबानं भाकरीवर माणसं लावून हे बांधलं. म्हातारे सांगतात, सकाळी मोजून घेतलेली माणसं संध्याकाळी कमी भरायची. पुढं प्रार्थना दुसरीकडं गेली, इथं धान्याचं गोदाम झालं. आता सरकार जुन्या इमारतींच्या यादीत घेणार, म्हणून मी राखणदार. मागच्या खोलीत तुमच्या काकूनं चूल मांडली. दोघांपुरतं पुष्कळ आहे.

१४ एप्रिल

कचेरीच्या कागदावर प्रत्येक दाराखिडकीचं माप भरायचं आहे. मोजायची पोलादी टेप गंजून तुटली. उत्तरेच्या भिंतीत दगडांनी बुजवलेलं एक दार आहे. गेणू गवंडी गिलावा बघायला आला होता, त्यालाच म्हटलं, तू हातानं मोज. कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत तो वर गेला आणि हसला. "साडेतीन हात. म्हंजे माझंच माप की वो, आबा!"

माणूस आपल्या हातानं साडेतीन हात भरतो. तिरडीचा बांबू तसा मोजतात. जित्याचं माप कुणी घेत नाही. मी हे आधी बोलायला हवं होतं.

तुमच्या काकूला चेव आला. "तू ताडासारखा, मी बुटकी. सरक, मला बघू दे." तिचेही साडेतीन भरले. गेणू म्हणाला, "काकी, तुमी मापात बी खोटं करता व्हय?" दोघं हसत होती. त्यांचे हात शेजारी धरून पाहिले. चार बोटांचा फरक. मग दार दोघांना सारखं कसं भरलं? कागदावर काही लिहिलं नाही.

१७ एप्रिल

गेणू परवापासून घरी नाही. त्याची बायको विचारायला आली. सकाळी इकडंच निघाला होता म्हणे. त्याची थापी त्या दारापाशी पडली आहे. दारावर ताजा, ओला गिलावा. चुना तर मी अजून आणलेलाच नाही.

काकूला म्हटलं, कऱ्हाटीला तुझ्या भावाकडं जाऊ. ती म्हणाली, "ह्या वयात कुणाच्या वळचणीला? छप्पर मिळालंय, गप ऱ्हावा." चाळीस वर्षं तिला दुसऱ्यांच्या पडवीत ठेवलं. मीही थकलो आहे.

१९ एप्रिल

झाडताना काकू त्या दारापाशीच थांबते. गेणू आतून काकी, काकी करतो, म्हणते. मला ऐकू येत नाही. तिला ओढून आणलं. उद्या जायचं. गाठोडं बांधलं.

२० एप्रिल, दुपार

घागर भरून आलो, तेवढ्यात— खराटा भिंतीशी. गिलावा पुन्हा ओला. त्यावर बांगड्यांचे वळ.

पहारीनं घाव घातले. टवकासुद्धा उडत नाही. वेशीत जाऊन ओरडलो. म्हातारी माहेरी गेली असंल, म्हणाले. हसले.

२१ एप्रिल

आयुष्यात पहिल्यांदा नावानं हाक मारली. प्रयागा.

आतून ओ आली. अंग आवळतंय म्हणाली. एकटीला भ्या वाटतंय—

ज्यानं मोजलं त्यालाच भिंत घेते. मी मोजलं नव्हतं.

डावा हात भिंतीवर, उजव्यात टाक. एक. दोन. तीन. दगड मऊ लागतो—

मोहनराव, माणसं घेऊन या. लवकर या. आणि इथं कुणालाही हातानं—