झाकणावरचं पोतं

गोरेगाव, ता. ६ डिसेंबर

ती. दादास सुनिताचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर बोलले की सासूबाईंच्या कानावर जातं, म्हणून ओमप्रकाशच्या जीपबरोबर ही चिठ्ठी. सोबत जवसाची चटणी आहे. वहिनीला दे, एकटाच संपवू नकोस.

यंदा आमच्या गटाच्या बायका तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले गोठवून उन्हाळ्यात विकणार आहेत. फ्रीजर आमच्या घरी राहील. सासूबाई आणि हे म्हणतात, आडवा घ्या, पेटीसारखा. मला उभा हवा, कपाटासारखा. हसू नकोस, पण राणीला लपायचं वेड आहे. दिवाळीत ती ज्वारीच्या रिकाम्या कोठीत बसली आणि पाच वर्षांच्या लेकराला आतून झाकण उचलेना. रडणं ऐकू आलं म्हणून सापडली. त्या पेटीच्या झाकणाला तर रबर असतं, आवाज तरी बाहेर येईल का? मला झोप नाही. तू फ्रीज दुरुस्त करतोस, तुझा शब्द हे मानतील.

तुझी माया आहेच, ती राहू दे.
सुनिता

हिंगोली, ता. ९ डिसेंबर

चि. सुनितास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

चटणी पोचली. वहिनीला चमचाभर मिळाली.

तू लहानपणापासून भित्री भागूबाई! अगं, उभ्याचं दार उघडलं की सगळा गारवा पायाशी सांडतो. तुमच्याकडे चार-चार तास लाईट जाते, सोल्यांचं पाणी होईल. आडव्यात गारवा तळाशी बसून राहतो. लाईट गेली की झाकण उघडायचं नाही, वर गोधडी टाकायची आणि झाकण घट्ट बसायला अर्धं पोतं ठेवायचं. तुझ्या सासूबाई पद्माबाईंनाही हे नीट सांग. झाकणाला कुलूप आहे, माल भरला की लाव आणि किल्ली स्वतःजवळ ठेव. शुक्रवारी जीपने पाठवतो.

राणीला पापा. मोठा भाऊ म्हणून एवढं ऐक.
रत्नपाल

गोरेगाव, ता. १६ डिसेंबर

दादा, जयभीम. राणी बरी आहे, हे आधी वाच.

काल फ्रीजर धुऊन वाळायला उघडा ठेवला होता. वायरसुद्धा लावली नव्हती. मी शेंगा तोडायला गेले. दुपारी लाईट गेली. सासूबाईंनी झाकण पडलेलं पाहिलं, गोधडी टाकली, वर तुरीचं पोतं ठेवलं. आत काही नव्हतं, पण तू सांगितलेलं त्यांनी बराबर पाळलं. उघडायचं नाही, म्हणून उघडून पाहिलंही नाही.

मी आले तर राणी नाही. विहार पाहिलं, शाळा पाहिली, जीपा थांबतात तिथे हे धावत गेले. मग माझी नजर त्या पोत्यावर गेली. सासूबाई खाली बसल्या आणि म्हणू लागल्या, म्या ठेवलं, म्या ठेवलं. पोतं ओढताना माझं नख उलटलं ते मला रात्री कळलं.

आत राणीची छोटी गोधडी अंथरलेली होती आणि अर्धं बिस्कीट. राणी नव्हती.

ती शेजारच्या मनकर्णाकडे कुत्रीची पिल्लं पाहत बसली होती. विचारलं तर म्हणाली, आजीवर राज्य होतं, पण आजीला सांगितलं नव्हतं, झाकण ओढून मी लपले होते, पण लघवीला लागली म्हणून कसंबसं ढकलून निघाले. त्यानंतर पोतं आलं. दादा, लघवीला लागली नसती तर?

सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत. तुझा राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तरी तूच ये.
सुनिता

हिंगोली, ता. १७ डिसेंबर

चि. सुनितास,

फोन लावला, पण तू उचलायच्या आधीच ठेवला. उद्या सकाळी उभा फ्रीजर घेऊन मीच येतो आणि पेटी परत आणतो. सोल्यांचं पाणी झालं तर होऊ दे. पद्माबाईंना म्हणावं, जेवा. पोतं त्यांनी ठेवलं, पण ते ठेवायला मी सांगितलं होतं. तू भीतीने लिहिलंस आणि मी तुला गारवा शिकवत बसलो.

दुकानामागे भंगारातल्या फ्रीजची रांग आहे. गल्लीतली पोरं तिथेच खेळतात. तीन वर्षं मी हे रोज पाहतो. आज तुझं पत्र वाचून पाना घेतला आणि नऊच्या नऊ दारं काढली. सहाव्यात चिंचोके निघाले आणि एक चप्पल, माझ्या तळहाताएवढी. ती घेऊन मी घरोघर विचारत फिरलो. शेवटच्या घरी एक पोरगं एका पायात चप्पल घालून भाकर खात होतं. त्याच्या आईने विचारलं, कुठं सापडली? मी तिच्या दारातच बसून रडलो.

जमलं तर माफ कर.
तुझा दादा
रत्नपाल