कॅल्शियमची बाटली

मयूर विहार, दिल्ली
१६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
विनयाचा नमस्कार.

मेट्रोने अर्ध्या तासावर नोएडात राहणाऱ्या भावाला पत्र लिहिते म्हणून हसशील. हस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि या वेळी मला बोलायचंच आहे. इकडे थंडी सुरू झाली. आई आता बरी आहे. दिवाळीचं नंतर लिहिते.

आधी माझी बातमी. मानसिक आरोग्याच्या पदविकेला मला प्रवेश मिळाला. फी आमची संस्था भरणार आहे. वर्गाच्या दिवशी कारखान्यांमागच्या वस्तीतल्या माझ्या घरभेटी माझ्याबरोबर काम करणारी शेवंता बघेल. ती आपणहून म्हणाली, "ताई, यंदा तुम्ही शिका, पुढच्या वर्षी मी." बायकांचं ऐकून घ्यायला मला येतं. कोणाला लगेच डॉक्टरकडे न्यायचं, हे ओळखायला अजून शिकायचंय. तू मात्र म्हणालास, "या वयात वेड्यांचा कोर्स कशाला? माझ्या अनुष्काचं लग्न ठरतंय, लोक विचारतील." विचारू देत की!

वर्गाच्या दिवशी आई तुझ्याकडे राहील असं ठरलं होतं. सवय व्हावी म्हणून तर दिवाळीत तिला तुझ्याकडे ठेवलं. तिची झोप उडाली, ती भिंतीशी बोलायला लागली, तेव्हा तू फोन केलास, "यार, तिला इकडची हवा सोसत नाही. घेऊन जा." हवा! दादा, मयूर विहारची हवा काय महाबळेश्वरहून येते?

तिची बॅग भरताना मला कॅल्शियमची बाटली दिसली, आणि आत खरंच कॅल्शियम! पाहुण्यांना कळू नये म्हणून बाबांनी आईच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत ठेवायला सुरुवात केली. बाबा गेले, रीत राहिली. क्षिप्रावहिनीने लेबल वाचलं, सासूच्या गोळ्या जुन्या झाल्यात म्हणून टाकून दिल्या आणि प्रेमाने बाटलीत नवं कॅल्शियम भरलं. आई म्हणालीसुद्धा, "गोळी वेगळी दिसते." तू न बघताच म्हणालास, "कंपनी बदलली असेल." वहिनीचा यात काडीचा दोष नाही. मुलगी लग्नाची झाली तरी तू बायकोला आईचा आजार सांगितला नाहीस! मी सांगायला लागले तर डोळे वटारलेस. आई आजारी होती, तिला घेऊन निघायची घाई होती, म्हणून मी गप्प बसले. फार राग आला मला, दादा. अजून आहे.

तर आता आई तुझ्याकडे येणार नाही. वर्गाच्या दिवशी ती आमच्या संस्थेच्या केंद्रात बसेल. परवा बायकांच्या गटात ती आपणहून उठली. "मैं सरला। बरसों से दवा लेती हूँ। छूट गई थी, तो फिर बीमार पड़ी।" एक बाई तिचा हात धरून रडायला लागली. आई तिला म्हणाली, "बैठो, चाय पियो।"

गोळ्या आता जेवणाच्या टेबलावर असतात, ज्या पाकिटातून आल्या त्याच पाकिटात. अनुष्काच्या सासरची माणसं येतील तेव्हाही आई जेवून सगळ्यांदेखत गोळी घेईल. चालत नसेल तर कळव, आम्ही दोघीही येणार नाही.

कोर्स मी करणार आहे. तुला विचारत नाहीये, सांगतेय.

तुझीच, पण आता तुझ्या धाकात नसलेली,
विनया

ता. क. आई पेन मागतेय. तिचं तीच लिहिते:

पद्माकर, बाटली धुऊन मी तिच्यात मेथ्या भरल्या. क्षिप्राला आजच खरं सांग. नाहीतर मी सांगेन.
– आई